पर्यटक व्हिसा आणि भारतातील पुनःप्रवेश

परदेशी नागरिकाच्या पासपोर्टवर चिकटवला जाणारा भारताचा व्हिसा नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. त्या व्हिसावर देश सोडून पुन्हा परतता येईल का, हा प्रश्न नाशिक जिल्ह्यात प्रामुख्याने दोघांना पडतो. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना शिबिरासाठी येणाऱ्या परदेशी साधकांना, आणि परकीय नागरिकत्व स्वीकारलेल्या परंतु आईवडील इथेच असलेल्या नाशिककरांना.

व्हिसाची मुदत, राहण्याची मर्यादा व प्रवेशांची संख्या या तीन स्वतंत्र बाबी आहेत. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षे सलग वास्तव्याची मुभा नव्हे. एकाच प्रवेशाचा व्हिसा तर मुदत उरली असली तरी देश सोडताच निरुपयोगी ठरतो. बौद्ध तीर्थांच्या यात्रेत याचा फटका बसतो. बोधगया, सारनाथ, कुशीनगर भारतात असले तरी लुंबिनी नेपाळात आहे. तिथे एक दिवसासाठी जाऊन येणे हाही कायद्याने नवा प्रवेशच होय.

सर्वांत जाचक नियम आला तो २००९ च्या अखेरीस. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यापूर्वी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली वारंवार भारतात येऊन गेल्याचे उघड झाले आणि पर्यटक व्हिसावरील दोन भेटींत किमान दोन महिन्यांचे अंतर सक्तीचे झाले. हेडलीजवळ व्यापारी व्हिसा होता. जाच झाला तो पर्यटकांना! वडिलांना भेटून गेलेल्या मुलाला महिन्याभरात त्यांच्याच अंत्यविधीसाठी यायचे झाले, तरी आधी दूतावासाची खास परवानगी आणि आल्यावर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद, असा तो मार्ग होता. २०१२ च्या अखेरीस ही अट बहुतेक देशांच्या नागरिकांसाठी उठली. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, अफगाणिस्तान, इराण, इराक व सुदान यांचे नागरिक, पाकिस्तानी वा बांगलादेशी वंशाचे परदेशी आणि राष्ट्रहीन व्यक्ती यांना त्या वेळी सवलत मिळाली नाही.

२०१४ पासून ई-व्हिसाची सोय झाली. ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर दोनदा, तर एक व पाच वर्षांच्या व्हिसावर अनेकदा प्रवेश मिळतो. मात्र हा प्रवेश नेमून दिलेल्या ठिकाणांहूनच होतो. नेपाळहून बसने परतण्याचा बेत असल्यास ते नाके यादीत आहे का, हे आधी पाहावे. ३० दिवसांच्या व्हिसाची मुदत वाढत नाही.

मूळ नाशिककरांनी मात्र व्हिसाच्या या हिशेबात पडूच नये. भारतीय वंशाच्या पात्र व्यक्तीला मिळणारे ओसीआय कार्ड आजीवन, अनेक प्रवेशांचे असते आणि वास्तव्य कितीही लांबले तरी पोलिसांकडे नोंदणी लागत नाही. पीआयओ कार्डाची स्वतंत्र योजना ९ जानेवारी २०१५ रोजी ओसीआयमध्ये विलीन झाली. कार्ड हाती पडण्यास काही आठवडे लागू शकतात. म्हणून घरी वृद्ध माणसे असताना अर्ज आजारपणाची वाट न पाहता करावा. पाहुणा व्हिसावर आलाच, तर त्याच्या आगमनाची २४ तासांत माहिती देण्याची जबाबदारी यजमानाची असते.