जगायला जाणे

पोट भरण्यासाठी गाव सोडून परमुलखी जाणे. ‘जगणे’ या धातूच्या ‘-आयला’ या हेतुदर्शक रूपाला ‘जाणे’ जोडून हा प्रयोग होतो. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या डोंगराळ, कोरडवाहू तालुक्यांच्या बोलीत, तो फार अर्थवाही आहे. ‘पोरगं पुण्याला जगायला गेलंय’ एवढ्याने सगळे कळते. काम कोणते, हे कोणी विचारत नाही. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे हैदराबादची वाट जुनी. 1972 च्या दुष्काळात असंख्य कुटुंबे अशीच बाहेर पडली. ऊसतोडीला जाणारे मात्र मुकादमाकडून उचल घेऊन निघतात आणि हंगाम संपला की परततात. जगायला गेलेल्यांच्या परतीला अशी मुदत नसते.