भिंतीसकट की भिंतीवाचून?

बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर काही वर्षं काढलेल्या माणसाला आयुष्याचं कोडं उलगडो न उलगडो, भिंतीची जाडी मात्र पक्की कळते. समोर नवरा-बायको बसलेले असतात. बिल्डरच्या कागदावर फ्लॅट साडेसहाशे फुटांचा असतो आणि बायकोने स्वतः टेप लावून तो सव्वापाचशेचा काढलेला असतो. मधले सव्वाशे फूट गेले कुठे, हे ती मला विचारते. जसं काही ते मी ड्रॉवरमध्ये घालून ठेवलेत. मग मी कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप अशी त्रिस्थळी यात्रा घडवतो. कार्पेट म्हणजे सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा. बिल्टअप म्हणजे भिंतीसकट. आणि सुपर बिल्टअप म्हणजे जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्चीसुद्धा आपलीच. हे ऐकून ती नवऱ्याकडे अशी काही बघते की मला कर्जाच्या हप्त्यांपेक्षा त्या गृहस्थाचीच काळजी वाटू लागते.

हा भिंतींचा तंटा फक्त विटा-सिमेंटच्या धंद्यात आहे अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ती दूर केली माझ्या मेहुण्याने.

मेहुणा साताऱ्याचा. २००६ साली पुण्यात नोकरीला लागला आणि ‘खोली मिळेपर्यंत’ आमच्याकडे राहायला आला. खोली मिळायला त्याला चौदा महिने लागले, पण तो इतिहास वेगळा आहे आणि तो लिहिला तर मला घरात जेवण मिळणार नाही. त्याचं काम वेब पेजं तयार करण्याचं. दिवसा ऑफिसात पानं करायचा आणि रात्री आमच्या हॉलमध्ये बसून ती दुरुस्त करायचा. एका रात्री दोन वाजता त्याने मला हलवून विचारलं, “दाजी, झोपलात का?” हा प्रश्न जगात फक्त झोपलेल्या माणसालाच विचारतात.

उठून बघतो तर पडद्यावर एकच पान दोनदा उघडलेलं. फायरफॉक्समध्ये ते बोहल्यावरच्या नवऱ्यासारखं मधोमध, ऐटीत. इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये तेच पान डाव्या भिंतीला चिकटून बसलेलं, चौकटी आखडलेल्या, आणि अक्षरं गणपतीच्या आदल्या दिवशीच्या कोकणच्या एसटीसारखी एकमेकांच्या मांडीवर.

“दाजी, तुम्ही कॉमर्सचे ना? सांगा. चौकटीची रुंदी तीनशे. आत दोन्ही बाजूंना वीस-वीस मोकळी जागा. बाहेरून पाच-पाचची रेघ. एकूण किती?”

“साडेतीनशे.” बी. कॉम. झालेला माणूस झोपेतही बेरीज चुकत नाही.

“बरोबर. आणि ह्याचं जुनं गणित काय म्हणतं? तीनशेच. मोकळी जागा आणि रेघ त्याच तीनशेतून कापायची. मजकुराला उरले अडीचशे.”

“अरे, म्हणजे एकाने कार्पेट सांगितलं आणि दुसऱ्याने बिल्टअप मोजलं!” मी ताडकन उठून बसलो. मेहुण्याने माझ्याकडे आयुष्यात प्रथमच आदराने पाहिलं. आतून बायको म्हणाली, “दिवा घालवा.”

पुढे मी हे प्रकरण मिळेल तिथून वाचत गेलो. पाहतो तर काय, भाऊबंदकीच्या कुठल्याही दाव्यात असतं ते सगळं त्यात आहे. वारस आहेत, तोतया आहे, अंगणातली मारामारी आहे, कोर्ट आहे आणि शेवटी मयतही आहे.

१९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी मोझॅक नावाचा ब्राउझर केला. पुढच्याच वर्षी अँड्रीसन यांनी बाहेर पडून नेटस्केपचं दुकान थाटलं. तिथल्या ब्राउझरचं घरातलं नाव मोझिला, म्हणजे मोझॅकला खाणारा गॉडझिला. ह्या मोझिलाला चौकटी-बिकटींची सजवलेली पानं दाखवता येत. म्हणून वेबसाइटवाले दारातच विचारायचे, “कोण आहे?” आतून “मोझिला” ऐकू आलं तर सजवलेलं पान, नाहीतर साधं वरण-भात. ऑगस्ट १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. तोही स्पायग्लास नावाच्या कंपनीकडून मोझॅकचा परवाना घेऊन. त्यालाही सजवलेलं पान हवं होतं. मग तोही दारात “मोझिला” असं मोठ्याने म्हणू लागला आणि पुढे हळूच, कंसात, “म्हणजे तसाच, चालण्याजोगा” असं पुटपुटू लागला. गंमत अशी, की नेटस्केप संपून गेलं तरी आज क्रोम, सफारी, एज, सगळे दारात आधी “मोझिला ५.०” असंच सांगतात. आमच्या बँकेत दुसऱ्याच्या नावाने सही केली तर तिला फोर्जरी म्हणतात. तिथे कंपॅटिबिलिटी म्हणतात.

पान दिसावं कसं, याचा कायदा नंतर आला. नॉर्वेचे हाकोन विउम ली यांनी १९९४ साली त्याची कल्पना मांडली, हॉलंडचे बर्ट बॉस त्यांना मिळाले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सीएसएसचा पहिला नियमग्रंथ काढला. त्यात रुंदी म्हणजे फक्त मजकुराची रुंदी, भिंती वेगळ्या, असं स्वच्छ लिहिलं होतं. इंटरनेट एक्सप्लोररच्या ४, ५ आणि साडेपाच ह्या आवृत्त्या मात्र भिंतीसकट मोजत राहिल्या. साडेपाच ही आवृत्ती खरोखरच होती. तो माझा विनोद नव्हे.

त्या वेळी गणितापेक्षा सगळ्यांचं लक्ष कुस्तीकडे होतं. १९९७ च्या शरद ऋतूत चौथी आवृत्ती निघाली त्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी भलंमोठं ‘ई’ अक्षर नेऊन नेटस्केपच्या हिरवळीवर उभं केलं. नेटस्केपवाल्यांनी ते आडवं पाडलं, त्यावर आपला मोझिला राक्षस उभा केला आणि पाटी लावली : नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. आपल्याकडे गणपती मंडळांची वर्गणीवरून होते तीच ही भांडणं, फक्त पगार डॉलरमध्ये. पुढे आकडे फिरले. विंडोजबरोबर फुकट मिळणाऱ्या ब्राउझरपुढे विकतचा टिकेना. मे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, पण तोवर व्हायचं ते बरंचसं झालं होतं. ऑगस्ट २००१ मध्ये सहावी आवृत्ती आली तेव्हा मैदानात समोर फारसं कोणी नव्हतं. आणि सामना एकतर्फी झाला की पंचसुद्धा चहाला जातो. सातवी आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. मधली पाच वर्षं शंभरातले नव्वद लोक जी खिडकी वापरत होते तिच्या चौकटीला कोणी रंधा मारला नाही.

मराठी माणसाचाही ह्यात खारीचा वाटा आहे. युनिकोड रुळायच्या आधी मराठी पानं ज्याच्या त्याच्या खास फाँटमध्ये असत. तो फाँट पानाबरोबर घरी पोचवायची मायक्रोसॉफ्टची एक रीत होती, नेटस्केपची दुसरी. मायक्रोसॉफ्टच्या रीतीने बांधलेलं पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसायचा. मग घरोघर तीच खिडकी उघडी राहिली.

आता सहावी आवृत्ती. हिला कार्पेट येत नव्हतं असं नाही. येत होतं, पण ओळख पटली तर. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत डॉकटाइप नावाची एक खूण लिहायची. आपण पत्राच्या माथ्यावर ॥ श्री ॥ लिहितो तशी. श्री दिसली की ब्राउझर समजायचा, हे पान नियम पाळणाऱ्या घरातलं, कार्पेट मोजा. श्री नसली की हे जुन्या वळणाचं, बिल्टअप मोजा. जुनी पानं मोडू नयेत आणि नवीन नीट दिसावीत, यासाठी काढलेली ही युक्ती मार्च २००० मध्ये मॅकवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पहिल्यांदा आली. जुन्या वळणाच्या त्या रीतीला क्वर्क्स मोड म्हणतात. मी त्याला सस्पेन्स खातं म्हणतो. मेळ बसला नाही की फरक सस्पेन्सला टाकायचा आणि सहा-दहाची लोकल पकडायची.

पण मेहुण्याने तर श्री लिहिली होती! तीन रात्री तो ओळ न ओळ तपासत होता. चौथ्या रात्री सापडलं. श्रीच्याही वर त्याने एक टिप्पणीची ओळ घातली होती, कोणाला दिसणार नाही अशी : हे पान अमुक अमुक यांनी तयार केले. सहाव्या आवृत्तीला श्रीच्या वर काहीही दिसलं, टिप्पणीसुद्धा, तरी ती श्री धरायची नाही. म्हणजे ब्राउझरने पान मोडलं नव्हतं. आमच्या साहेबांनी देवाच्या वर आपलं नाव लिहिलं होतं. ओळ खाली सरकवली, पान मधोमध. बायको माहेरची बाजू घेत म्हणाली, “नाव लिहिलं म्हणून काय झालं? मेहनत त्याचीच ना?”

बाकीचे रोग इतके सरळ नव्हते. एका बाजूला ढकललेल्या चौकटीचा समास आपोआप दुप्पट व्हायचा. मजकूर गायब व्हायचा आणि पान जरा खालीवर केलं की लाजत पुन्हा यायचा. ह्याला इंग्रजीत लहान मुलांच्या ‘कुकूच कू’चं नाव दिलेलं आहे. शेजारच्या चौकटींच्या मध्ये टिप्पणी लिहिली तर शेवटची काही अक्षरं खाली दुसऱ्यांदा उमटायची. आणि औषधं तर त्याहून भारी. पुष्कळ रोगांवर एकच मात्रा : झूम, एक. म्हणजे एकपट मोठं करा. म्हणजे काहीच करू नका! आणि तेवढ्याने पान सरळ व्हायचं. मला मात्र ह्यात आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडे अडलेली फाइल ‘पुनश्च सादर’ असा शेरा मारून जशीच्या तशी वर पाठवली की मंजूर होते.

सगळ्यांत नामी युक्ती तांतेक चेलिक यांची. हे गृहस्थ स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये मॅकच्या त्याच पाचव्या आवृत्तीवर काम केलेले. विंडोजवरच्या जुन्या भावंडांना फसवायला त्यांनी अशी योजना केली : आधी मोठी, भिंतीसकट रुंदी सांगायची. मग पान कुठल्या आवाजात वाचावं याबद्दलची एक ओळ घालायची, जिचा इथे काहीएक संबंध नाही. त्या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत एक बंद कंस. जुन्या ब्राउझरला वाटे, कंस मिटला, सूचना संपल्या. तो तिथेच उठे. शहाणा ब्राउझर पुढे वाचत राही आणि त्याला खरी रुंदी मिळे. पंगतीत एका खवचट पाहुण्याला “झालं हो जेवण” सांगून उठवायचं आणि मग बाकीच्यांना जिलबी वाढायची, तसलं हे. त्याशिवाय खास चिठ्ठ्या होत्याच. इतरांना टिप्पणी वाटावी आणि फक्त इंटरनेट एक्सप्लोररने वाचावी, अशी त्यांची रचना. दहाव्या आवृत्तीने २०१२ मध्ये त्या वाचायचं बंद केलं.

एकदा मी मेहुण्याला विचारलं, “इतका जीव कशाला काढतोस? दिसू दे ना पान वाकडं. लोकांनाच कळेल खिडकी खराब आहे, बदलतील.”

तो म्हणाला, “दाजी, गिऱ्हाईक ब्राउझर बघत नाही. मला बघतं.”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जगभर असे हजारो मेहुणे रात्री जागून पान सरळ करत होते, पान सरळ दिसत होतं म्हणून कोणी खिडकी बदलत नव्हतं, आणि खिडकी बदलत नव्हती म्हणून मेहुणे जागत होते. पान करण्याचं बिल लागायचं, जागण्याचं नाही. बरं, दुरुस्त्यांचीही सवय होते. २००५ साली सातवी आवृत्ती तयार होत असताना मायक्रोसॉफ्टच्याच लोकांना विनवणी करावी लागली की, बाबांनो, आम्ही चुका सुधारतोय, आता तुमच्या युक्त्या काढून टाका, नाहीतर सुधारलेलं मोडेल. २००९ च्या आठव्या आवृत्तीत तर फाटक्या कागदाचं चित्र असलेलं एक बटणच आलं. पान बिघडलं तर दाबा, आम्ही पूर्वीसारखे चुकून दाखवतो.

शेवटी धीर केला तो यूट्यूबच्या काही इंजिनिअरांनी. २००९ मध्ये वरिष्ठांना फारसं न विचारता त्यांनी सहाव्या आवृत्तीवाल्यांना पट्टी दाखवली : तुमचा ब्राउझर आता लवकरच चालणार नाही. ४ मार्च २०१० रोजी अमेरिकेत डेन्व्हरला एका डिझाइन कंपनीने सहाव्या आवृत्तीची रीतसर प्रेतयात्रा काढली. मायक्रोसॉफ्टने फुलं पाठवली. मयताच्या घरच्यांनीच फुलं पाठवावीत, हे काही मी दुसरीकडे वाचलेलं नाही. सबंध इंटरनेट एक्सप्लोररचा कारभार १५ जून २०२२ रोजी आटोपला. तरी एजमध्ये त्याची एक खोली राखून ठेवली आहे, किमान २०२९ पर्यंत. कार्यालयांच्या जुन्या सिस्टिमांसाठी. कोणत्या कार्यालयांच्या, हे विचारू नका. मी नोकरदार माणूस आहे.

आणि भिंतींचं काय झालं? इथेच खरी मौज आहे. लोकांना हळूहळू पटलं की भिंतीसकट मोजणंच सोयीचं. तीनशे म्हटलं की तीनशे, बेरजा नकोत. मग नियमात ‘भिंती धरा’ म्हणण्याची सोय आली. २०१२ च्या सुमारास पॉल आयरिश यांच्यासारखे जाणकार ती सगळीकडेच लावा म्हणू लागले. २०१३ मध्ये बूटस्ट्रॅप नावाच्या तयार सामानात ती आपोआप आली. सीएसएसचे नियम करणाऱ्या मंडळींनी आपल्या चुकांची एक यादी ठेवली आहे (आमच्या हेड ऑफिसला ही कल्पना सुचवून पाहायला हवी), त्यात हीही नोंद आहे की रुंदी मुळातच भिंतीसकट धरायला हवी होती. मेहुणा आज कुठलंही काम सुरू करताना पहिल्यांदा तीच ओळ लिहितो. ज्या हिशेबासाठी त्याने जुन्या आवृत्त्यांना इतक्या शिव्या घातल्या, तोच.

इकडे घरांच्या धंद्यात उलटं. २०१६ च्या रेरा कायद्याने बिल्टअप-सुपर बिल्टअप बाजूला ठेवून कार्पेटच मोजायला लावलं.

मध्यंतरी मेहुणा माझ्या टेबलासमोर येऊन बसला. फ्लॅट घेतोय. खिशात टेप.

“दाजी, कार्पेट म्हणजे सगळ्या भिंती सोडून ना?”

“बाहेरच्या सोडून. घरातल्या आतल्या भिंती धरतात.”

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. “म्हणजे दोन्ही?”

मी अर्ज पुढे सरकवला. त्याने पेन काढलं आणि छापील मथळ्याच्याही वर, मोकळ्या जागेत, ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मी तो अर्ज फाडला आणि दुसरा दिला.