वेळासची कासवे आणि कॅमेरा

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी कोकणच्या किनाऱ्यावर बहुधा रात्री आणि एकटीच येते. भरतीच्या रेषेच्या वर वाळू उकरून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. ओडिशात गहिरमाथ्याला हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात; तिथली दृश्ये जगभर गेली. कोकणात मागे उरे तो वाळूतला माग. तो ओळखणारी माणसे अंडी काढून नेत, राहिलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात.

मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या कार्यकर्त्यांना २००२ मध्ये समुद्री गरुडाची पाहणी करताना इथे कासवाच्या अंड्यांची टरफले सापडली. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामस्थांना बरोबर घेऊन राखण सुरू केली. सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, तारीख नोंदवायची आणि साधारण पन्नास दिवसांनी वर आलेली पिल्ले पाण्याकडे सोडायची, अशी ही पद्धत. माग काढण्याची गावातली जुनी नजर आता राखणीच्या कामी आली.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. मादी सहसा दिसत नाही, पिल्ले मात्र सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी सोडली जातात. म्हणून शहरांतून येणाऱ्यांचे कॅमेरे पिल्लांवरच रोखले गेले. ही छायाचित्रे वृत्तपत्रांतून पोहोचली आणि कोकणात कासव येते हे अनेकांना तेव्हा प्रथमच कळले. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, जेवतात. त्यामुळे ज्या अंड्यांतून पूर्वी चार पैसे मिळत, ती जपण्यातूनच घरोघरी उत्पन्न येऊ लागले. वेळासचे खरे यश इथे आहे.

छायाचित्रणाला मात्र मर्यादा हवीच. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात, त्यामुळे फ्लॅश किंवा विजेरीचा उजेड त्यांना भरकटवतो. म्हणून फ्लॅशला मनाई असते, प्रेक्षक दोरीमागे थांबतात आणि पिल्लांना हात लावू दिला जात नाही. जवळून टिपण्यासाठी पिल्लाची वाट अडवणे हा अपराधच मानायला हवा. ऑलिव्ह रिडलेला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

पुढचा प्रवास कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेरचा. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवून तिला ‘प्रथमा’ हे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या परावर ओडिशात लावलेला टॅग आढळला, आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे परस्परांपासून वेगळीच राहतात ही समजूत पुन्हा तपासणे भाग पडले.