उसाच्या फडातला सदरा

दसरा-दिवाळी उरकली की गेवराई तालुक्यातल्या आमच्या चकलांब्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. धान्याचं पोतं, भांडी, लेकरं आणि कपड्यांचं बोचकं. त्या बोचक्यात नवऱ्याचे दोन-तीन जुने सदरे हमखास असतात. ते घालायचे असतात बायकोने.

हा सदरा कामाच्या गरजेतून आला. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी कापते, पानावरची बारीक कूस कातडीत रुतून बसते. चोळीची बाही कोपराच्या वर संपते, पोट-पाठ उघडीच. मग साडीवरून पूर्ण बाह्यांचा सदरा चढतो, मनगटाची बटणं लागतात, पदर आत खोचला जातो, डोक्याला फडकं बांधलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या कनवटीला पैसे खोचणाऱ्या बाईला त्यासोबत खिसाही मिळाला. तंबाखूची पुडी त्यातच, आता मोबाइलही त्यातच.

माझी शाळा दहावीला सुटली. पुढचं वाचन वाचनालयातलं आणि रद्दीतलं. मराठी वेशभूषेवरची जी पुस्तकं हाती आली, त्यांत नऊवारी, पैठणी, खण, परकर-पोलकं यांवर पानंच्या पानं आहेत. या सदऱ्यावर मला एक ओळ सापडली नाही. १९५०च्या सुमारास प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले आणि बीडचे मजूर दरसाल तिकडे जाऊ लागले. एवढ्या वर्षांत लाखो बायांनी अंगावर घातलेला कपडा इतिहासातून निसटतो कसा?

उत्तर घरातच होतं. फडावर काढलेला आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे. त्यात ती नुसत्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन उभी आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “फोटो काढायचा म्हणून सदरा काढून मोळीवर टाकला होता. तसल्या कपड्यात लोकं काय म्हणतील?” गावातल्या आणखी काही घरांतले फोटो पाहिले. सगळीकडे तेच.

इंग्लंडमध्ये १८४२च्या कायद्याने बायकांना खाणीच्या आत काम करायला बंदी झाली. विगनच्या बाया खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडत राहिल्या, त्याही विजारी घालून. त्यांचे फोटो छापून विकले गेले, आर्थर मन्बी नावाच्या गृहस्थाने ते जमवले, म्हणून आज त्यांचा इतिहास लिहिता येतो. पाहणाऱ्याला त्यांचं नवल वाटलं होतं. आमच्या सदऱ्याचं कुणाला नवलही वाटलं नाही.

कपड्याचं महत्त्व आपल्याकडे कुणी ओळखलं नव्हतं असं नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं की जातीची खूण ठरलेली लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या. तिथे बायांनी पोशाख बदलला तो मान मागण्यासाठी. फडातली बाई सदरा घालते ती काम निभावण्यासाठी, आणि गावाच्या शिवेत शिरताना तो उतरवते.

माझी भाची पुण्याला शिकते. ढगळ पुरुषी शर्ट, खाली पँट. या पेहरावाला ती ‘स्ट्रीटवेअर’ म्हणते. ही चाल कॅलिफोर्नियाच्या स्केटिंगवाल्या पोरांकडून आणि न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधून जगभर गेली. बायकी नटण्यापेक्षा यात मोकळं वाटतं, असं ती सांगते. मला ते पटतं. दिवाळीला आली तेव्हा आजीने तिचा शर्ट चाचपून पाहिला आणि म्हणाली, “हा तर आमचाच की!”

दोघींच्या शर्टात फरक आहे तो निवडीचा. जोडप्याचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाची उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. खिशाचा सदरा बाईच्या अंगावर असला, तरी उचल त्या खिशात जात नाही. हा इतिहास लिहायचा तर सदऱ्यासोबत हा हिशेबही लिहावा लागेल.

आईचा शेवटचा सदरा मी माझ्या टिपणांच्या पेटीत ठेवला आहे. बाह्यांना उसाच्या रसाचे काळे डाग आहेत. मी ते धुतलेले नाहीत.