उकार कुठंय?

मागच्या शनिवारी गावी, म्हणजे धाराशिवला गेलो होतो. वडिलांनी एक झेरॉक्स पुढे ठेवली. निजामाच्या काळातली जमिनीची नोंद, सगळी उर्दूत. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून आमच्याकडे कुणबी नोंदींसाठी जुने कागद धुंडाळणं चालू आहे. पण घरात उर्दू कुणालाच येत नाही. शेवटी गल्लीतल्या चाचांकडे गेलो.

चाचांनी चष्मा लावला आणि विचारलं, "पणजोबाचं नाव काय रे तुझ्या?"

म्हटलं, ते तर तुम्हीच वाचून सांगणार ना!

"आधी तू सांग, मग नीट वाचता येतं."

घ्या! म्हणजे उत्तर माहीत असेल तरच पेपर सुटणार.

पण चाचांचं बरोबर होतं. उर्दू लिपी अरबी-फारसीवरून आलेली. तिच्यात ऱ्हस्व अ, इ, उ सहसा लिहीतच नाहीत. 'कुणबी'चं कागदावर होतं क-न-ब-ी (ण हे अक्षरच नाही). कनबी, किनबी, कुनबी, काहीही वाचा. तुळजापूरच्या 'तु'चा उकार गायब. इतकंच काय, ज्या मीर उस्मान अलींच्या काळातला हा कागद, त्या 'उस्मान'मधल्या उ-ची खूणसुद्धा नाही! खुणा आहेत तशा: जेर, जबर, पेश. ('जेरीस येणे' आणि 'जबरदस्त' यातले जेर-जबर तेच, अर्थ खाली आणि वर.) पण रोजच्या लिखाणात त्या लावत कोण बसतंय?

मग या मंडळींनी स्वर गाळले तरी का? आळस? शाईची बचत? खरं तर गाळले नाहीत, ते आधीपासूनच नव्हते. इ.स.पू. १८०० च्या आसपास सेमिटिक भाषा बोलणाऱ्यांनी इजिप्तची चित्रलिपी बघून स्वतःची अक्षरं बनवली. इजिप्तची लिपीही व्यंजनंच दाखवायची. यांनी युक्ती अशी केली की चित्र काढायचं आणि त्या वस्तूच्या नावातला पहिला ध्वनी घ्यायचा. घराला 'बेत' म्हणायचे, म्हणून घराचं चित्र म्हणजे ब. आता त्यांच्या भाषेत प्रत्येक शब्द व्यंजनानेच सुरू होतो. मग स्वराचं अक्षर येणार कुठून?

आणि त्यांचं अडलंही नाही. त्यांच्या शब्दांचा सांगाडाच व्यंजनांचा. ह-क-म हे मूळ घ्या. हुकूम, हाकीम, हकीम, महकमा, हुकूमत. सगळे आपल्या ओळखीचे, सगळे त्याच तीन व्यंजनांतून निघालेले. नेमका कुठला ते वाक्यावरून कळतं. मराठीत हे करून बघा, 'आई' पूर्ण नाहीशी होते! म्हणून तर ग्रीकांनी ही अक्षरं उचलल्यावर, त्यांच्या उपयोगाची नव्हती त्यातली काही स्वरांना देऊन टाकली.

आपण हसू नये म्हणून आणखी एक. 'जग' लिहिलं तर दुनिया की जगायला सांगितलंय? ज-चे दोन उच्चार, अक्षर एक. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही आणि शब्द तोडायचीही पद्धत नाही.

थोडक्यात काय, लिपी हे कॉम्प्रेशन आहे. वाचणाऱ्याला जे माहीत आहे ते लिहायचं नाही. डिकोडर त्याच्या डोक्यात. भानगड होते ती डिकोडर संपल्यावर. हिब्रू रोजच्या बोलण्यातून गेली, तेव्हा उच्चार हरवू नयेत म्हणून विद्वानांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात धर्मग्रंथाला स्वरखुणा जोडल्या. आमच्या कागदांना कुणी जोडल्या नाहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, हळूहळू कचेरीतली उर्दूही गेली. ती वाचणारी माणसं आता चाचांच्या वयाची आहेत.

चाचांनी बोट ठेवून शब्द वाचला, "कुनबी."

"उकार कुठंय?" मी विचारलं.

"लिहायला कशाला पायजे? तेव्हा सगळ्यांना माहीत होतं की."

मी झेरॉक्सच्या खाली पेन्सिलीने सगळी नोंद देवनागरीत उतरवून घेतली, काना-मात्रा-उकारासकट. खाली तारीख टाकली आणि कुणी वाचून दाखवलं तेही लिहिलं. सरकारदरबारी त्याला किंमत नाही, ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी चाचा असतीलच असं नाही. तुमच्याही घरात असा कागद असेल तर या शनिवारी-रविवारी बघाच.