मुळशीच्या पाण्याभोवतीचा रस्ता



व्याख्यानाचा विषय सायकलचा रस्ता आहे असे कळल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, पगारवाढीवर बोलावे. त्याला सायकलच्या रपेटीशी काय कर्तव्य? पण आमच्यासाठी सायकल ही मुळात कारखान्याच्या पाळीला वेळेवर पोचविणारी वस्तू होती. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून गाजले ते कारकून, विद्यार्थी आणि कामगार यांच्या सायकलींमुळे. आता तीच सायकल रविवारच्या हौसेची झाली आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आठवड्यातून एक दिवस माणसाला स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मर्जीने चाक फिरवावयास मिळावे, याचसाठी तर साप्ताहिक सुटीची भांडणे झाली.

रविवारी पहाटे चांदणी चौकातून सायकलस्वारांचे घोळके पश्चिमेकडे निघतात. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड आणि मग माले. इथवर येताना छातीचा भाता झालेला असतो. मग झाडीतून एकाएकी मुळशीचे पाणी दिसते. पुढे पाणी उजव्या हाताला ठेवून रस्ता ताम्हिणीकडे जातो. तिथून सरळ उतरले की कोकण. ज्याच्या मांड्यांत जोर आहे तो मात्र कोकणात न उतरता उत्तरेचा फाटा धरतो आणि पिंपरी, भांबर्डे, सालतर, आंबवणे अशा डोंगरी गावांवरून लोणावळ्यास निघतो. तेथून जुन्या महामार्गाने पुणे गाठले म्हणजे दीडशे किलोमीटरांहून मोठा फेरा पुरा होतो. हा प्रदेश महाराष्ट्रातील अतिपावसाच्या प्रदेशांपैकी एक. श्रावणात येथे सायकल चालविणे म्हणजे धबधब्यांच्या रांगेतून वाट काढणेच होय.

चार-पाच तरुण कामगार मित्रांबरोबर या रस्त्याने जात असता त्यांतल्या एकाने मला विचारले, "दादा, पलीकडचे गाव तर समोर दिसते आहे. मग रस्ता एवढे वळसे का घेतो?" प्रश्न साधा होता, पण आजचे माझे सगळे व्याख्यान त्याच्या उत्तरात आहे. रस्ता वळसे घेतो, कारण सरळ जाण्याची जागा पाण्याखाली आहे. खोरे भरले तेव्हा पाणी प्रत्येक ओढ्याच्या मुखातून आत शिरले. आज आपण ज्या वळणावर गिअर बदलतो, त्या बहुतेक वळणांखाली अशा एखाद्या ओढ्याचे जुने पात्र आहे. त्या ओढ्यांच्या काठी आंबेमोहोर भाताची खाचरे होती, गावे होती, आणि गावांना जोडणाऱ्या वाटा होत्या.

हे खोरे बुडविण्याचे कारण मुंबई. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत आणि वाफेला कोळसा दुरून आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवावे, ते कोकणात सोडावे आणि त्या पडण्याच्या जोरावर वीज करावी, ही टाटांची कल्पना. लोणावळ्याच्या तलावांवर चालणारे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. १९२२ साली आंध्र खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरीचे झाले. तिसरी योजना मुळशीची. कल्पना बुद्धीची होती हे मान्य केलेच पाहिजे. कोळशाचा धूर नाही, राख नाही. परंतु जे खोरे बुडायचे त्यात पन्नासच्या वर गावे होती आणि दहा हजारांवर माणसे होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात त्यांना 'नाही' म्हणण्याची सोयच नव्हती. मोबदला किती, एवढेच काय ते भांडता येई.

जमीन ताब्यात येण्यापूर्वीच शेतांतून चाचणीचे चर खणले जाऊ लागले. मावळे बिथरले आणि पुण्याचे कार्यकर्ते त्यांच्या मदतीस धावले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजाराहून अधिक स्त्री-पुरुष धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. गांधीजींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'त लिहून मावळ्यांची बाजू घेतली आणि टाटांनी कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावे असे सुचविले. काम काही काळ थांबले, पण वर्षअखेरीस पुन्हा सुरू झाले. पुढे धरपकड झाली, शिक्षा झाल्या. या लढ्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. हा माणूस यंत्रशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोस जाऊन आलेला होता. तेव्हा यंत्राला भिणाऱ्या अडाण्यांनी धरणाला विरोध केला, असे कोणी म्हणू नये. लोकांनी त्यांना 'सेनापती' म्हटले ते याच लढ्यात. १९२४ च्या अखेरीस, लढा मोडत आला असता, त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाचे साहित्य वाहणारी आगगाडी अडविली. त्यासाठी लांबलचक तुरुंगवास भोगून ते १९३१ साली सुटले. तोवर धरण उभे राहिले होते आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर चालूही झाले होते.

लढा का मोडला? सरकारची ताकद मोठी होती हे खरेच. पण आपल्यातही फूट होती. मावळ्यांच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. सावकाराला खाचराशी देणेघेणे नव्हते. मोबदल्याची रक्कम चांगली आली म्हणजे त्याचे काम झाले. संप मोडताना मालकाच्या पैशापेक्षा आपल्यातल्याच कोणाचे वेगळे हितसंबंध अधिक घात करतात, हा आम्हा संघटनेच्या माणसांचा नेहमीचा अनुभव आहे. मुळशीत तेच घडले.

आता जे सांगावयाचे ते मला जड जाते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक स्थापन झाली. पुढच्याच एप्रिलात मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. गिरणी कामगार बारा तासांच्या दिवसाविरुद्ध झगडत होता. १९२२ च्या दुरुस्तीने तो दिवस अकरा तासांवर आला. बोनससाठी १९२४ साली मुंबईत मोठा संप झाला, १९२८ साली तर सहा महिन्यांचा. हा सगळा इतिहास आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगितलाच पाहिजे. पण गिरणीत जी वीज आली ती कोणाच्या शेतावरून आली, हे आमच्या सभांत मी फारसे कधी ऐकले नाही. मीही ते वर्षानुवर्षे सांगितले नाही. मला ठाऊकच नव्हते. मी शाळेत फार शिकलो नाही. जे वाचले ते ग्रंथालयाच्या बाकावर वाचले, आणि हे वाचावयास मला पन्नाशी गाठावी लागली. घाटावरचा शेतकरी आणि गिरणीतला कामगार हे पुष्कळदा एकाच घरातले दोन भाऊ होते. एकाचे खाचर बुडाले आणि दुसऱ्याचा माग त्या पाण्याने फिरला. माग फिरला म्हणून तो दोषी ठरत नाही. पण त्याने भावाची चौकशी करावयास नको होती काय?

पाण्याची गंमत पाहा. मुळा ही पूर्वेला वाहणारी नदी. पुण्यात ती मुठेला भेटते, पुढे भीमेला, आणि भीमा पंढरीवरून कृष्णेकडे जाते. मुळशीला अडवलेले पाणी मात्र डोंगर पोखरून पश्चिमेला नेले आहे. सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला पडून ते कुंडलिकेला मिळते. कोलाडजवळ हौशी मंडळी तराफ्यांतून ज्या खळाळात उतरतात, तो खळाळ वीजघराने सोडलेल्या पाण्याचा आहे. म्हणजे डोंगरावरची सायकलची हौस आणि डोंगराखालची तराफ्यांची हौस, दोन्ही एकाच बुडालेल्या खोऱ्यावर चालतात.

तो लढा हरला, पण वाया गेला नाही. मोबदल्याची नोट हातावर ठेवली म्हणजे गाव विकत मिळत नाही, ही गोष्ट मुळशीने प्रथम मोठ्याने सांगितली. महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली, आणि १८९४ चा कायदा जाऊन नवा कायदा लागू झाला तो १ जानेवारी २०१४ पासून. नव्या कायद्याने खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. खाचरात बसलेल्या बायाबापड्यांचा साधा प्रश्न, 'आम्हाला विचारले का?', कायद्याच्या पुस्तकात शिरावयास ९३ वर्षे लागली. आणि शिरलेला शब्द बाहेर काढण्यास फार वेळ लागत नाही, हे आम्हा कामगारांना कोणी सांगावयास नको.

म्हणून माझी एकच विनंती आहे. त्या रस्त्यावर जरूर जा. मुलांना न्या. वाऱ्याचा, पाण्याचा, उताराचा पुरेपूर आनंद घ्या. आनंद घेतल्याने कोणाचा अपमान होत नाही. पण चढ संपला की एकदा पायउतार व्हा. चहाच्या टपरीवर एखादे म्हातारे माणूस बसलेले असेल. त्याला 'अजून किती चढ आहे?' हे विचाराल, तसेच हेही विचारा की, 'आजोबा, तुमचे मूळ गाव कोणते?' तो बहुधा हात पाण्याकडे करील. त्या दिवशी आपण किती किलोमीटर गेलो हे विसरले तरी चालेल. त्या गावाचे नाव विसरू नका.