शिदोरी आणि वाट : कलावंतांच्या परदेशवृत्तींचा मागोवा

कलावंताला आश्रय लागतो, ही जाणीव आपल्या समाजाला नवी नाही. गवयाला बिदागी, शाहिराला शेला-पागोटे आणि मूर्तिकाराला इनाम देण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार चालत आली. या आश्रयाचे एक लक्षण मात्र ठळक होते. कलावंताने दात्याच्या दारी राहावे आणि त्याच्या दरबाराची शोभा वाढवावी, अशी अपेक्षा त्यामागे असे. कलावंताच्या हाती शिदोरी देऊन त्याला परमुलखात धाडावे, तेथील कला त्याने डोळे भरून पाहावी आणि मग त्याच्या बुद्धीला जे सुचेल ते त्याने करावे, ही कल्पना आपल्याकडे रुजली ती प्रामुख्याने विसाव्या शतकात. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या कल्पनेचा थोडा मागोवा घेण्याचा मानस आहे. मुलूख सोडून परप्रांतात संसार मांडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा विषय परका वाटू नये.

विद्येसाठी परदेशी पाठविण्याची प्रथा संस्थानिकांनी आधीच सुरू केली होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी 1913 साली भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावी, अशी अट त्या करारात होती. 1917 साली बाबासाहेब त्याप्रमाणे बडोद्यास रुजू झाले, परंतु अस्पृश्यतेच्या रूढीमुळे त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळू शकली नाही. महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती उदार होती, पण समाजाचे दार बंद होते. शिदोरी देणारा हात आणि उतरावयास घर देणारा हात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासाच्या आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

कलेच्या क्षेत्रात सरकारने असे पाऊल टाकल्याचे एक उदाहरण 1929 सालचे आहे. लंडनमध्ये ‘इंडिया हाउस’ची इमारत उभी राहत होती. तिच्या भिंतींवर चित्रे काढण्यासाठी हिंदुस्थान सरकारने चार बंगाली चित्रकारांची निवड केली आणि त्यांना विलायतेत शिक्षणासाठी पाठविले. येथे प्रवासाचा खर्च मिळाला खरा, परंतु तो एका ठरलेल्या कामापुरता होता. कोणती भिंत रंगवावयाची, हे चित्रकार बोटीवर चढण्यापूर्वीच निश्चित झाले होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. 1950 साली मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली आणि सांस्कृतिक देवघेवीस सरकारी अधिष्ठान लाभले. त्याच वर्षी सय्यद हैदर रझा फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. रझा मूळचे मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावचे. त्यांचे चित्रकलेचे आरंभीचे शिक्षण नागपूरला आणि पुढील शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. विख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची काश्मीरमध्ये त्यांच्याशी गाठ पडली, तेव्हा ‘तुमच्या चित्रांत रचनेची उणीव आहे, सेझानचा अभ्यास करा’ अशा आशयाचा सल्ला त्यांनी रझांना दिला. रझांनी तो मनावर घेतला. मुंबईतच त्यांनी फ्रेंच भाषेचे धडे घेतले आणि मगच ते निघाले. 1956 साली पॅरिसच्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या चित्रांत जो ‘बिंदू’ अवतरला, त्याचे मूळ मंडल्याच्या शाळेत होते. चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढलेला तो ठिपका होता. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून रझा दिल्लीला परतले. 2016 साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यास वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

यानंतरचे महत्त्वाचे नाव न्यूयॉर्कच्या ‘जे. डी. आर. थर्ड फंड’ या निधीचे. जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांनी 1963 साली तो स्थापन केला. आशिया खंड आणि अमेरिका यांच्यातील कलाविषयक संबंध वाढविणे हा त्याचा हेतू. निधीचे संचालक पोर्टर मॅक्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मुरलेले गृहस्थ होते. नामांकित व्यक्तींचा सत्कार करण्यापेक्षा, वाढीच्या वाटेवर असलेल्या कलावंताला प्रवास, निवास आणि मोकळा वेळ देणे, असे या साहाय्याचे स्वरूप होते.

या निधीच्या साहाय्याने 1964 साली वासुदेव संतू गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. गायतोंडे यांचे घराणे गोमंतकीय, जन्म 1924 साली नागपूरचा, शिक्षण जे. जे. स्कूलमध्ये. मुंबईच्या भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत ते काम करीत असत. माणूस मितभाषी. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलेही त्यांना रुचत नसे, कारण मूर्त वस्तूवरून सुरुवात करून तिचे रूप पुसत जाणे ही त्यांची रीतच नव्हती. झेन विचाराची त्यांना ओढ होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी काय पाहिले, कोणते चित्र किती वेळ न्याहाळले, याचा हिशेब कोणत्याही कागदावर मांडता येण्याजोगा नव्हता. मायदेशी परतल्यावर त्यांनी ना मोठी चळवळ उभारली, ना व्याख्याने झोडली. पुढील काळात रूळ आणि रंगपट्टी यांच्या साहाय्याने रंगाचे थरावर थर चढवीत आणि उतरवीत त्यांनी आपली रीत सिद्ध केली. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पुरी करीत. 1971 साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. 1972 साली ते दिल्लीस आले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. 2001 साली ते निवर्तले, तेव्हा सामान्य मराठी वाचकाला त्यांचे नावही फारसे परिचित नव्हते.

डिसेंबर 2013 मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांच्या 1979 सालच्या एका चित्राला सुमारे 23 कोटी 70 लक्ष रुपये किंमत आली. पुढील वर्षी, म्हणजे 2014 च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे भव्य प्रदर्शन भरले. ज्या शहरात 1964 साली ते शिदोरी घेऊन गेले होते, त्याच शहराने बरोबर पन्नास वर्षांनी त्यांच्या कलेचा असा गौरव केला. शिष्यवृत्तीचाही सुवर्णमहोत्सव असतो तो असा.

केंद्र सरकारच्या सेवेत माझी अनेक वर्षे अनुदानाच्या फायली हाताळण्यात गेली. मार्च महिना संपला की दिलेल्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र मागवावे लागते, आणि ते योग्यच आहे, कारण पैसा जनतेचा असतो. परंतु गायतोंडे यांच्या प्रवासाचे प्रमाणपत्र 1965 च्या मार्चमध्ये कोण कसे लिहू शकला असता? खर्चाचा हिशेब वर्षाअखेर देता येतो, फळाचा हिशेब देता येत नाही. कलाविषयक अनुदान देणाऱ्याने या दोहोंतील भेद जाणला नाही, तर तो लवकर पिकणारी आणि लवकर सुकणारी रोपेच निवडील.

क्वचित फळ लवकरही दिसते. तय्यब मेहता याच निधीच्या साहाय्याने 1968 साली न्यूयॉर्कला गेले. बार्नेट न्यूमन यांच्या विस्तीर्ण, सपाट रंगांच्या चित्रांनी ते थक्क झाले. मुंबईस परतल्यावर 1969 साली त्यांच्या चित्रफलकाला छेदणारी सुप्रसिद्ध तिरकी रेषा प्रकटली.

रॉकफेलर यांचे 1978 साली निधन झाले. 1980 साली या निधीचे कार्य ‘एशियन कल्चरल कौन्सिल’ या संस्थेकडे आले. तिची अधिछात्रवृत्ती घेऊन 1983 साली नाटककार सतीश आळेकर अमेरिकेतील रंगभूमी पाहावयास गेले. पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा त्यांनी बारा वर्षांहून अधिक काळ वाहिली. एका नाटककाराने पाहिलेले जग अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली.

या इतिहासाची दुसरी, दुःखद बाजू सांगितल्यावाचून हा लेख पुरा होऊ शकत नाही. रझांच्याच मंडला परिसरातील पाटणगढ गावी जनगढसिंह श्याम नावाचा परधान गोंड तरुण होता. भोपाळच्या भारत भवनासाठी कलावंतांचा शोध घेत असलेल्या जगदीश स्वामीनाथन यांनी त्याची प्रतिभा हेरली. त्याची कला 1989 साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात पोहोचली आणि त्याच्या मागून गोंड चित्रकारांची एक पिढी उभी राहिली. 2001 साली तो जपानमधील निगाता प्रांतात एका संग्रहालयाचा निवासी कलावंत म्हणून गेला होता. तेथेच, जुलै महिन्यात, त्याने आपले जीवन संपविले. तेव्हा त्याने वयाची चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्या मनात काय चालले होते, याचा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस नाही. तथापि त्या घटनेने देशातील कलावंत हळहळले आणि एक प्रश्न उभा राहिला. परदेशी जाणाऱ्या कलावंताला तिकीट आणि भत्ता दिला, म्हणजे दात्याचे कर्तव्य संपते काय? त्याच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलणारे कोणी तेथे आहे काय? घरी परतावेसे वाटले, तर त्याला परतता येईल काय?

या प्रश्नांचे महत्त्व आपल्या मंडळाच्या सभासदांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. परक्या गावी पहिल्या वर्षी मराठी शब्द कानी पडला, तर जीव कसा निवतो, हे आपण अनुभवले आहे. गणेशोत्सव आणि वाचनालय यांच्या आधारे आपल्या वडीलधाऱ्यांनी मंडळ उभे केले ते त्याच गरजेतून. म्हणून दोन सूचना नम्रपणे मांडतो. कलाविषयक अनुदानाचे नियम करणाऱ्यांनी प्रवासखर्चाइतकेच महत्त्व यजमानाच्या जबाबदारीला द्यावे. आणि देशोदेशीच्या मराठी मंडळांनी आपल्या गावी आलेल्या कलावंताला, तो मराठी असो वा गोंड, एक वेळचे घरचे जेवण आणि एका संध्याकाळची सोबत अवश्य द्यावी. शिदोरी शासनाने किंवा निधीने द्यावी. वाटेवरचा विसावा मात्र माणसांनीच द्यावयाचा असतो, आणि तो देण्याची ऐपत आपल्या मंडळात निश्चित आहे.